गाडी टायर का खाते?

पावसाळा संपत आला की नवी मुंबईत टायरच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी टायर खायला लागली." त्यावर ठरलेला उपाय म्हणजे अलाइनमेंट. मशीनच्या पडद्यावर आकडे हिरवे होतात, पैसे देऊन माणूस घरी येतो, आणि काही महिन्यांनी टायर पुन्हा तसाच. माझं म्हणणं असं की अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे. आधी टायर वाचायचा.

गाडी सपाट जागी लावा. स्टेअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकांची आतली कड दिसेल. आपण सगळे बाहेरूनच टायर बघतो, आणि फसतो तिथेच. बाहेरून नक्षी छान असते आणि आतल्या कडेला तारा उघड्या पडलेल्या असतात. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. हे आतल्या खाचेत बघायचं, बाहेरच्या नाही.

आता झीज कुठे आहे? मधोमध असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी. यात अलाइनमेंटचा संबंध नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेला हवेचा आकडा बघा आणि टायर थंड असताना हवा भरा. एकाच कडेला झीज असेल तर मात्र टो किंवा कॅम्बर. टो म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, चवडे वळवून चालणाऱ्या माणसासारखं. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत-बाहेर कललेलं असणं. दोन्हींतला फरक तळहाताला कळतो. टायरवरून हात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोटांना धार लागली, तर टो बिघडलाय. धार नाही, नुसती एक कड साफ झालीय, तर कॅम्बरचा संशय घ्या. (आधी तारा बाहेर आल्या नाहीत ना ते बघा, हात कापेल.) टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर बहुधा शॉकअप गेलाय.

टोची चूक डोळ्याला दिसत नाही, म्हणून एक हिशेब सांगतो. चाक सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश तिरकं असेल तर प्रत्येक किलोमीटरला ते साधारण पावणेनऊ मीटर आडवं घासल्यासारखं होतं. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटर. कळंबोलीला चढलात आणि पलीकडच्या टोकाला उतरलात, तेवढ्यात टायर ८०० मीटरहून जास्त आडवा ओढला गेला. सपाट भागात तिथे कारला १०० चा वेग आहे. पावसात त्या वेगाला खाचांनी पाणी बाहेर टाकायचं असतं. आतल्या कडेला खाचाच नसतील तर चाक पाण्यावर तरंगतं, मग ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी परिवहन विभागाने तिथे गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. कारण टायर फुटून होणारे अपघात.

इथे एक प्रश्न आलाय: मशीन हिरवं दाखवतं, तरी टायर का झिजतो?

फार चांगला प्रश्न. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. सायन-पनवेल महामार्गावरचे खड्डे, सोसायटीच्या फाटकातले स्पीडब्रेकर, उरणकडच्या कंटेनरच्या वाहतुकीने उखडलेले रस्ते, हे सगळं रोज खाऊन लोअर आर्मचे बुश सैल होतात. उभं असताना चाक सरळ दिसतं. ब्रेक दाबला की बुश दबतो आणि चाक तिरकं होतं. अशा गाडीचं अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर पट्टीने रेघ मारणं. म्हणून मेकॅनिकला आधी चाक उचलून हलवायला सांगा. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हललं तर टाय रॉड, बारा आणि सहाला हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश मात्र पहार घालून बघावा लागतो. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.)

मग अलाइनमेंट करा, पण आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागा. एकच देत असतील तर दुकान बदला, असं मी स्पष्ट सांगतो. बऱ्याच लहान गाड्यांत कंपनीने कॅम्बर बदलायची सोयच दिलेली नसते, तिथे फक्त टो जुळवतात. कॅम्बरचा आकडा लालच राहिला तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते शोधायचं. मागच्या चाकांचंही माप घ्यायला लावा. ती तिरकी असतील तर गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं.

स्टेअरिंग ८०-९० च्या वेगाला थरथरत असेल तर ते बॅलन्सिंगचं काम, अलाइनमेंटचं नाही. आणि गाडी किंचित डावीकडे जाते म्हणून घाबरू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो. जास्तच ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरमध्येच आहे. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.