उष्ण गावातला गोठलेला नळ

दिवाळीत आमच्या ह्यूस्टनला घरात एसी चालू असतो. दारात रांगोळी घालताना कपाळावर घाम येतो आणि मागच्या अंगणातल्या तुळशीला दोन वेळा पाणी घालावं लागतं. याच दिवसांत मी दुकानातून नळाच्या टोप्या आणून ठेवते. भारतातून नव्याने आलेल्या मराठी घरांत मी हे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते पटत नाही. इथे कसला आलाय बर्फ, असंच त्यांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. पण टोप्यांची खरी गरज पडते त्या आठवड्यात दुकानातली फडताळं रिकामी झालेली असतात.

ह्यूस्टनमध्ये डिसेंबर १९८९ मध्ये पारा ७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, म्हणजे उणे १४ सेल्सियसच्या आसपास. तशी कडक, लांबलेली थंडी पुन्हा आली ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या एकतीस वर्षांत शहर दूरवर पसरलं, लाखो माणसं नव्याने राहायला आली आणि १९८९ची आठवण जुन्या शेजाऱ्यांपुरती उरली. उष्ण प्रदेशातल्या थंडीचं हेच अवघड आहे. ती दरवर्षी येत नाही, म्हणून तिची सवय होत नाही.

घरंही उन्हाळ्याच्या सवयीनेच बांधलेली. शिकागोकडे पाण्याचे पाइप जमीन गोठते त्या पातळीच्या खाली, साडेतीन फुटांपेक्षा खोल पुरतात आणि तिथून उबदार तळघरात आणतात. आमच्याकडे तळघर नसतं. काँक्रीटच्या लादीवर घर उभं राहतं आणि बऱ्याच घरांत पाइप वर अ‍ॅटिकमधून फिरवलेले असतात. त्यातही बारकावा असा, की उष्णतारोधक कापूस छतावर अंथरलेला असतो आणि पाइप त्याच्या वर. घरातली ऊब कापसाखाली अडते आणि पाइप थंडीच्या बाजूला राहतो. बाहेरच्या नळाची गत याहून वाईट. पितळी तोटी विटांच्या भिंतीतून बाहेर डोकावते आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर तांब्याचा पाइप. पितळ आणि तांबं दोन्ही उष्णता झरझर वाहून नेतात. म्हणजे तोटीतून शिरलेला गारठा सरळ भिंतीच्या पोटात पोचतो.

१५ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे वीज गेली. राज्यभरात ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात होती. १६ तारखेला सकाळी ह्यूस्टनच्या विमानतळावर १३ अंश फॅरनहाइटची, म्हणजे उणे साडेदहा सेल्सियसची नोंद झाली. त्या थंडीत राज्याच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार २४६ माणसं गेली. त्यापुढे माझ्या नळाचं दुःख काहीच नाही. पण पाण्याविना काढलेले ते दिवस, ओली झालेली बिछान्यांची रास, लाकडी जमिनीला आलेले फुगवटे हे लाखो घरांनी भोगलं आणि त्यातलं पुष्कळसं टळण्यासारखं होतं.

आमचा नळ आम्ही गुंडाळला होता, चांगला जाड टॉवेल आणि वरून प्लास्टिकची पिशवी. फक्त तोटीला लावलेला होज, म्हणजे बागेला पाणी घालायची नळी, काढला नव्हता. आटे गंजून घट्ट बसले होते, पान्याने जोर लावायचा कंटाळा केला, आणि एवढ्याने काय होतंय म्हणून तसाच टॉवेल फिरवला. चार दिवसांनी ऊन पडलं. त्या दुपारी हॉलमधल्या भिंतीच्या पायथ्याशी पाण्याची रेघ दिसली. प्लंबर मिळायला नऊ दिवस लागले. राज्यात प्लंबरांचा इतका तुटवडा होता, की बाहेरच्या राज्यांतून माणसं यायला मुभा द्यावी लागली. आमच्या प्लंबरने भिंत कापली आणि पाइपचा तुकडा माझ्या हातात ठेवला. बोटभर लांबीची चीर होती. वाळलेली शेंग उकलावी तसा तांब्याचा पाइप लांबीत उकलला होता, कडा बाहेर वळलेल्या.

मी म्हटलं, बर्फ फुगला आणि पाइप फाटला. तो म्हणाला, बर्फ इथे नसेलही. मग त्याने जे समजावलं, ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पाइप फुटतो तो बहुधा बर्फाच्या बाजूला रेटण्याने नव्हे. पाइपात एखाद्या जागी बर्फाचं बूच बसतं आणि लांबीने वाढत जातं. रस्त्याकडच्या बाजूचं पाणी मागे, मुख्य वाहिनीत सरकू शकतं. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे बूच आणि बंद नळ यांच्यामधलं पाणी कुठे जाणार? ते दाबलं जाणाऱ्यातलं नाही. दाब चढत जातो आणि जिथे पाइप कमजोर असेल तिथे, कधी कधी बर्फापासून बऱ्याच अंतरावर, तो फाटतो. तोटी जरा उघडी असेल तर पाइप गोठला तरी हा दाब निघून जातो. होज लावून ठेवला तर मात्र पुढे पाणी अडकतं, तोटी रिकामी होत नाही आणि गोठण्याची सुरुवात तिथूनच होते. आणि चीर पडली तरी बर्फ आहे तोवर गळत नाही. ऊन पडल्यावर गळतं, म्हणून धोका टळला असं वाटतं त्याच दिवशी घरात पाणी शिरतं.

तेव्हा पहिलं काम, होज काढणं. हिवाळ्याआधीच, आटे हलतात तोवर. नव्या घरांत फ्रॉस्ट-प्रूफ नळ असतो. त्याची दांडी वीतभर लांब असते आणि पाणी अडवणारं वायसर भिंतीच्या आत उबेला बसतं. नळ बंद केला की दांडीतलं उरलेलं पाणी बाहेर ओघळून जातं, मात्र नळ किंचित बाहेरच्या बाजूला उतरता बसवलेला हवा. हा नळसुद्धा होज लावलेला राहिला तर भिंतीतच फुटतो.

टोपीबद्दल एक गैरसमज आहे. फोमची टोपी ऊब तयार करत नाही. भिंतीतून झिरपणारी घरातली ऊब ती धरून ठेवते. म्हणून तिची कड विटांना सगळीकडून टेकली पाहिजे. आतला दोरा तोटीत अडकवायचा आणि बाहेरची चावी घट्ट पिळायची. फट राहिली तर टोपी लावून उपयोग नाही. टोपी नसेल तर जुने मोजे, कोरडा टॉवेल, वर प्लास्टिक आणि चिकटपट्टी. कोरडा हे महत्त्वाचं. भिजलेलं कापड ऊब धरत नाही, उलट नळ लवकर गार करतं. गळका नळ गुंडाळण्याआधी त्याचं वायसर बदला. वाऱ्याची भीती मात्र थोडी कमी करा. वाऱ्याने पाइप लवकर गार होतो, पण हवेच्या खऱ्या तापमानाखाली तो जात नाही.

घरातल्या पाइपांसाठी इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासातून आलेला आकडा आमच्याकडे सगळे लक्षात ठेवतात. २० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सियस. अ‍ॅटिकमधले उघडे पाइप तिथपासून धोक्यात येतात. मग फोमच्या नळ्या चढवायच्या, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची दारं उघडी ठेवायची आणि रात्री मुख्य वाहिनीपासून सर्वांत लांबचा नळ, गरम आणि गार दोन्ही, बारीक धारेने सोडायचा.

या धारेचं मला कधी नवल वाटलं नाही. माझं माहेर निफाडचं. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे बागेला पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. इथेही तेच. जमिनीखालून येणारं पाणी आपली थोडी ऊब घेऊन पाइपातून फिरत राहतं.

पण २०२१ मध्ये ह्यूस्टन शहरानेच लोकांना सांगितलं, की नळ थेंब थेंब सोडू नका, शहराच्या पाण्याचा दाब कोसळतोय. अशा वेळी आणि वीज जाण्याची भीती असेल तेव्हाही, एकच खात्रीचा मार्ग उरतो, पाणी बंद करून पाइप रिकामे करणं. पाइपांना गुंडाळतात ती विजेची तापणारी पट्टी वीज गेल्यावर कामाची नाही. मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, माहीत हवं. आमचा रस्त्याकडेला झाकणाखाली आहे आणि त्याची लांब चावी गराजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. कॉक बंद केला की वरच्या मजल्यावरचा नळ उघडायचा आणि मग सर्वांत खालचा, बहुतेक अंगणातलाच. वर हवा शिरते, खाली पाणी उतरतं. त्याआधी पाणी तापवणारी टाकी बंद करायला विसरू नका.

गोठलेला नळ सोडवायचा तर तोटी उघडी ठेवून हेअर ड्रायरने तोटीकडून मागे मागे जायचं. गॅसची ज्योत भिंतीजवळ नेऊ नका, त्याने घरं पेटली आहेत.

थंडी ओसरली की नळ एकदम सोडू नका. एकाने आत, त्या भिंतीला कान लावून उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेर कॉक हळूहळू उघडायचा. मग घरातले सगळे नळ बंद करून मीटरचं झाकण उचलायचं. तबकडीवर एक छोटा त्रिकोण असतो, थोडंसं पाणी वाहिलं तरी तो फिरतो. मी गुडघ्यावर बसून पाच मिनिटं त्या त्रिकोणाकडे बघते. तो जागचा हलला नाही, की आत जाऊन चहा टाकते.