हे कपाट कोणत्या झाडाचं?

दोस्तांनो, रायपूरच्या एखाद्या जुन्या घरात पणजोबांच्या काळचं कपाट असतं. कुणी म्हणतं सागवानी, कुणी म्हणतं शिसवी. खरं कोण? रंगावर जाऊ नका बरं! पॉलिश चढलं की साधं लाकूडही शिसवासारखं काळसर दिसतं.

मग काय करायचं? मोठ्यांना विचारून खण बाहेर काढा. आतल्या बाजूला सहसा पॉलिश नसतं. तिथं फळीचं कापलेलं टोक शोधा आणि भिंगातून बघा. बारीक भोकं दिसली? झाड जिवंत असताना मुळांकडचं पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्यांची ती तोंडं! सागात मोठी भोकं वर्तुळाकार रांगा धरतात, कारण वाढीचा हंगाम सुरू झाला की साग आधी रुंद नळ्या तयार करतो. साल, म्हणजे छत्तीसगडचा राज्यवृक्ष, ज्याला तिथं सरई म्हणतात, त्याची भोकं सगळीकडे विखुरलेली असतात. शिवाय मधूनमधून पांढुरक्या रेषा दिसतात. त्या राळेच्या.

एक सांगून ठेवते, दर्शनी फळी सागाची आणि मागची दुसऱ्याच झाडाची असू शकते. म्हणून प्रत्येक फळी वेगळी तपासायची.

आता याहून कितीतरी जुनं लाकूड बघायचंय? रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात चला. हे संग्रहालय १८७५ सालचं. तिथं किरारी गावच्या तळ्यात सापडलेला लाकडी खांब आहे, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा! त्यावर ब्राह्मी लिपीत अधिकाऱ्यांची पदं कोरली होती. एवढी वर्षं तो कुजला कसा नाही? तळाच्या चिखलात हवा पोचत नाही आणि हवेशिवाय लाकूड खाणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. पण बाहेर काढल्यावर खांब वाळला, वरचे पापुद्रे सुटले आणि बरीच अक्षरं गेली. गावातल्या एका पंडितांनी ती आधीच उतरवून घेतली होती, म्हणून आज वाचता येतात.

हा खांब बिजासालचा, म्हणजे आपल्या बिबळ्याचा. त्याची ओळख पटवायची गंमत घरीच करा. सुताराकडून बिबळ्याचा भुसा आणा आणि काचेच्या पेल्यात पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पाणी सोनेरी तपकिरी होईल. पेला उन्हात धरून काळ्या कागदासमोर बघा. कडेला निळी झाक! लाकडातलं एक द्रव्य उन्हातले अतिनील किरण शोषतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं. हे पाणी प्यायचं मात्र नाही हं.

भिंगानं उलगडा झाला नाही, तर तज्ज्ञ लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि देहरादूनच्या वन अनुसंधान संस्थेसारख्या ठिकाणी जपलेल्या हजारो नमुन्यांशी ताडून बघतात. कपाटाचं झाड कळलं, तर ते कोणत्या जंगलातून आलं असेल याचाही माग लागतो. तुम्ही तपासलेल्या फळ्यांची चित्रं वहीत काढा, शेजारी झाडाचं नाव लिहा आणि पुढचं कपाट शोधायला लागा!