आकड्यांतून सूर

मोबाईलमध्ये गाणे नसते. असतात ते नुसते आकडे! १९८२ साली विक्रीस आलेल्या सीडीवरही सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज आकड्यांतच असतो. स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला हवा विजेचा चढउतार. तो करून देणारे यंत्र म्हणजे ‘डॅक’.

ब्लूटूथ स्पीकरात ते आतच असते. मग वेगळे कशाला? तारेने जोडलेल्या मोबाईलातून, तार बदलूनही खरखर येत राहिली, तर साधा डॅक घ्यावा. इंटरनेट अडखळते? गाणी आधीच उतरवून ठेवा. तुटलेली धार डॅक सांधत नाही.

शाळेच्या तुटपुंज्या पैशांतून घेताना गुरुजींनी आधी स्पीकर पाहावा. मोठा फरक तिथेच पडतो. ओळखीचे गाणे दुकानात लावून ऐकावे, मगच पैसे मोजावेत.