जुन्या सायकलींच्या भागांपासून रेलून बसण्याची तीनचाकी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे मोडक्या सायकलींचा ढीग हमखास आढळतो. वाकलेले चिमटे, गंजलेली रिमे, दाते झिजलेली फ्रीव्हीले, लहान मुलांच्या टाकून दिलेल्या वीस इंची सायकली असा सारा ऐवज अखेरीस भंगाराच्या दराने वजनावर विकला जातो. मात्र सायकल निकामी होते, तेव्हा तिचे सर्वच भाग निकामी झालेले नसतात. एखादा भाग जातो, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही आणि उरलेले सुस्थितीतील भागही त्याच ढिगात जातात.

या भागांतून नवे साधन उभे करण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी येथील गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे चाक, चिमटा व हँडल वापरून हाताने ढकलावयाचे कोळपे तयार केले. ‘कृषिराजा’ या नावाने ते ओळखले गेले आणि राष्ट्रीय पातळीवर ग्रामीण कल्पकतेचा नमुना म्हणून त्याची दखल घेतली गेली. बैलजोडी बाळगणे न परवडणाऱ्या अल्पभूधारकाला सायकलच्या एका चाकाने दिलेला हा आधार होता.

प्रस्तुत लेखात याच मार्गावरील, परंतु अधिक अवघड अशा एका साधनाचा विचार केला आहे. ते साधन म्हणजे रेलून बसून पायांनी चालवावयाची तीनचाकी सायकल. ती कोणासाठी, तिची रचना कशी असावी आणि जुने भाग कोठे चालतात व कोठे चालत नाहीत, हे तीन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत. त्यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चालविणाऱ्याची सुरक्षितता त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

पूर्वपीठिका

तीनचाकी सायकल दुचाकीइतकीच जुनी मानावी लागेल. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली यांनी १८७० च्या दशकात तीनचाकी सायकली बनविल्या. दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल गिअर त्यांनी १८७७ मध्ये अशाच वाहनासाठी योजला होता. रेलून बसण्याच्या रचनेला प्रसिद्धी मिळाली ती फ्रान्समध्ये. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांनी बनविलेल्या अशा दुचाकीवरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही रचना आपल्या स्पर्धांतून वगळली. रेलून बसलेल्या शरीराला समोरून येणाऱ्या हवेचा रोध कमी होतो, हे या विक्रमामागील एक प्रमुख कारण होते.

महाराष्ट्रात तीन चाकांच्या मनुष्यचलित वाहनावर शास्त्रीय दृष्टीने काम झाले ते फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत. डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे प्रचलित सायकलरिक्षातील दोष तपासले गेले. गिअरचा अभाव व अपुरे ब्रेक हे त्यांतील ठळक दोष होते. त्यानुसार सुधारित रिक्षा आणि नंतर विजेच्या मोटारीची रिक्षा विकसित करण्यात आली. घरी बनविलेल्या तीनचाकीतही नेमके हेच दोन दोष राहून जाण्याची शक्यता असते.

उपयुक्तता व मर्यादा

दुचाकी चालविण्यास पायांतील बळ आणि तोल या दोन गोष्टी लागतात. वार्धक्य, कानाच्या अंतर्भागाचे विकार, पाठीचे दुखणे किंवा एका पायातील अधूपणा यांमुळे अनेकांचा तोल जातो, पण बळ शिल्लक असते. हाताने चालवावयाची तीनचाकी ही पायांचा उपयोग नसणाऱ्यांसाठी असते. पायांत बळ असून तोल नसलेल्या व्यक्तीसाठी मात्र सहसा कोणतीही सोय नसते. रेलून बसण्याची तीनचाकी ही उणीव भरून काढू शकते.

जिल्ह्याची भूरचना येथे लक्षात घ्यावी लागते. शेगाव, नांदुरा, मलकापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट भाग या वाहनास अनुकूल आहे. बुलढाणा शहर मात्र डोंगरमाथ्यावर असून खामगावकडून येताना बोथा घाट व मलकापूरकडून येताना राजूर घाट चढावा लागतो. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात हे वाहन निरुपयोगी ठरते. दुचाकीची एकच चाकोरी पडते, तर येथे तीन पडतात आणि तिन्ही चाकांना चिखल धरतो. तेव्हा हे साधन डांबरी रस्त्यांपुरते आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

रचनेची निवड

तीन चाकांची मांडणी दोन प्रकारे होते : पुढे एक व मागे दोन, किंवा पुढे दोन व मागे एक. पहिली करण्यास सोपी असते, कारण सायकलचा पुढचा भाग जसाच्या तसा वापरता येतो. परंतु ब्रेक लावताच भार एकट्या पुढच्या चाकाकडे सरकतो आणि वळणावर वाहन कलंडण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या रचनेत हाच भार दोन चाकांकडे जातो. उताराच्या प्रदेशात म्हणून दुसरी रचना श्रेयस्कर होय. तिच्यात गिअरच्या जुन्या सायकलीचा मागचा त्रिकोण चाकासह संपूर्ण वापरता येतो, हा आणखी एक लाभ.

कलंडण्याचा प्रश्न गणिताने स्पष्ट होतो. पुढच्या दोन चाकांतील अंतर ७५० मिलिमीटर, पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १००० मिलिमीटर, स्वारासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५० मिलिमीटर उंच आणि मागच्या आसापासून ६५० मिलिमीटर पुढे आहे असे मानू. असे वाहन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.५४ पट आडव्या त्वरणापर्यंत टिकते. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर याचा अर्थ ताशी सुमारे २६ किलोमीटर असा होतो. हाच गुरुत्वमध्य नेहमीच्या बैठकीप्रमाणे ९०० मिलिमीटर उंच नेल्यास मर्यादा ताशी साडेअठरा किलोमीटरवर येते. रेलून बसणे ही केवळ आरामाची बाब नसून स्थैर्याची अट आहे, ती यामुळे. बैठकीसाठी बाजेची नवार लोखंडी चौकटीवर ताणून बसविली तरी पुरते.

पुढच्या चाकांचा आस : कळीचा मुद्दा

दुचाकी वळताना झुकते, त्यामुळे भार चाकाच्या पातळीतच राहतो. तीनचाकी झुकत नाही. वळणावर तिच्या चाकांवर आडवा भार येतो आणि सायकलचे चाक त्यासाठी बनविलेले नसते. मोठ्या अठ्ठावीस इंची चाकापेक्षा लहान वीस इंची चाक आडवा भार अधिक चांगला सोसते, कारण त्याचे आरे आखूड असतात. म्हणून पुढे मुलांच्या सायकलींची चाके घ्यावीत.

याहून गंभीर प्रश्न आसाचा आहे. सायकलचा आस दोन्ही टोकांना चिमट्यात धरलेला असतो. अनेक हौशी कारागीर चाक एकाच बाजूने, मोटारीप्रमाणे, बसवू पाहतात. पुढच्या प्रत्येक चाकावर ३५० न्यूटन भार आहे आणि तो आधारापासून ५० मिलिमीटर दूर आहे असे धरू. खड्ड्यात हा भार क्षणभर तिप्पट होतो असे मानल्यास ८ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या आसातील ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०४० न्यूटन होतो. साधे पोलाद २५० न्यूटनच्या आसपासच कायमचे वाकते. आस १२ मिलिमीटर केल्यास ताण ३१० आणि १५ मिलिमीटर केल्यास १६० न्यूटनपर्यंत उतरतो, कारण तो जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पण १५ मिलिमीटरचा आस सायकलच्या हबमध्ये बसत नाही.

यावर दोन मार्ग संभवतात. लेथवर जाड आसाचे नवे हब कातून घेणे हा पहिला. मुलांच्या दोन सायकलींचे पुढचे भाग, म्हणजे डोक्याची नळी, चिमटा व चाक, तसेच्या तसे वापरून प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी आधार देणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने वाहन थोडे जड होते आणि आडवा दांडा चाकांच्या वरून खाली वळवून आणावा लागतो, परंतु आस सुरक्षित राहतो. शिवाय चिमट्यावर ब्रेक बसविण्याची सोय आयतीच मिळते.

दिशा, ब्रेक आणि गिअर

वळताना आतील चाकाला बाहेरील चाकापेक्षा अधिक वळावे लागते, अन्यथा टायर घासत जातात. यावरील उपाय म्युनिचचे लांकेन्सपर्गर यांनी शोधला आणि रुडॉल्फ अकरमन यांनी १८१८ मध्ये लंडन येथे त्याचे पेटंट घेतले. चाके वळविणाऱ्या दोन्ही भुजांच्या रेषा मागच्या आसाच्या मध्याशी मिळाव्यात, हा त्याचा व्यवहारातील नियम. वर मानलेल्या मापांत प्रत्येक भुजा वाहनाच्या सरळ रेषेशी सुमारे २१ अंशांचा कोन करील. फरशीवर खडूने पूर्ण आकाराचा आराखडा काढून हा कोन घेता येतो.

घाटातील चढाचे गणितही असेच बोलके आहे. वाहन व स्वार मिळून १०० किलो, चढ वीसास एक आणि पायांची शक्ती १०० वॅट धरल्यास वेग ताशी सुमारे ५.८ किलोमीटर मिळतो. नेहमीच्या काळ्या सायकलच्या ४४ व १८ दात्यांच्या जोडीने आणि अठ्ठावीस इंची चाकाने या वेगाला पायडल मिनिटाला केवळ १८ फेरे घेईल. गुडघ्यांना ते सोसणार नाही. रेललेल्या स्थितीत उभे राहून शरीराचे वजन पायडलवर टाकताही येत नाही. गिअरच्या सव्वीस इंची सायकलीचे २८ दात्यांचे लहान चक्र व मागील २८ दात्यांची चकती वापरल्यास हेच फेरे सुमारे ४७ होतात. एवढ्या मंद वेगात दुचाकी डगमगते, तीनचाकी स्थिर राहते.

उतारावर प्रश्न उलट होतो. त्याच उतारावरून ताशी २० किलोमीटर वेग राखावयाचा तर दीडशेहून अधिक वॅट शक्ती ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जिरवावी लागते. एका ब्रेकवर हे काम सोपविणे धोक्याचे आहे. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक समतोल जुळवून एका मुठीवर आणि मागचा ब्रेक स्वतंत्र मुठीवर असावा. पुढचे ब्रेक विषम लागल्यास वाहन एका बाजूस ओढले जाते.

जुने कोठे, नवे कोठे

मागचा त्रिकोण, चाके, पायडलाची पेटी, मुठी, डोक्याच्या नळ्या आणि सरळ असलेले चिमटे जुने चालतात. साखळी लांब लागते, साधारण तीन साखळ्यांइतकी, आणि ती जुन्यांतून जोडता येते. मात्र प्रत्येक तुकडा मोजावा. नव्या साखळीच्या २४ कड्या १२ इंच भरतात. तीन मिलिमीटरहून अधिक वाढ दिसल्यास तो तुकडा टाकून द्यावा.

मुख्य कणा, आडवा दांडा, दिशा देणाऱ्या भुजा, जोडदांडे, ब्रेकच्या तारा व रबरे हे मात्र नवेच हवेत. जुन्या सायकलच्या नळ्या पातळ असतात, आतून गंजलेल्या असू शकतात आणि आर्क वेल्डिंगने सहज जळतात. त्यांचा कणा दिसण्यास ठीक वाटला तरी त्याच्या बळाची खात्री कोणी देऊ शकत नाही. जस्ताचा मुलामा असलेली नळी वेल्ड करताना निघणारा धूरही अपायकारक असतो. भुजा चिमट्याच्या पात्यावर वेल्ड करू नयेत, कारण उष्णतेने पाते कमजोर होते. पकड व आरपार बोल्ट यांनी त्या वरच्या दांड्याला बसवाव्यात. वाहन बुटके असल्याने उंच काठीवरील झेंडा, मागील परावर्तक आणि दिवा यांना पर्याय नाही.

समारोप

भंगारातून वस्तू बनविणे हे काटकसरीचे काम समजले जाते. वास्तविक ते निवडीचे काम आहे. वरील विवेचनावरून असे दिसते की, तीनचाकीचा बहुतांश भाग जुन्या सायकलींतून मिळू शकतो, परंतु तिचे धैर्य व धोका दोन्ही चार-पाच सांध्यांत साठलेले असतात. तेथे वाचविलेला पैसा घाटाच्या उतारावर महाग पडतो.

वेल्डिंगचा हात गावोगावच्या कारागिराकडे आहे, गणित महाविद्यालयांत आहे. शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर भौतिकशास्त्राचे अध्यापन जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांतूनही होते. आसातील ताण, गुरुत्वमध्य, वळणाचा कोन हे सारे पदवीच्या अभ्यासक्रमातील विषय होत. एखाद्या विभागाने दुकानदाराच्या ढिगातून भाग निवडून, हिशेब फळ्यावर मांडून असे एक वाहन उभे केले आणि सपाट मैदानावर रिकामे, मग वाळूच्या पोत्यांसह तपासले, तर विद्यार्थ्याला सूत्राचा अर्थ कळेल. आणि तोल गेल्यामुळे घरात बसलेल्या एखाद्या व्यक्तीला स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत जाता येईल.