माता-नवजात आरोग्य आणि स्थानिक भागीदारी : गडचिरोलीच्या प्रयोगाचा बोध

प्रस्तावना

माता व नवजात शिशू यांचे आरोग्य हा कोणत्याही समाजाच्या विकासाचा विश्वसनीय निकष मानला जातो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. देशाचे ९७ होते. राज्याची ही स्थिती समाधानकारक असली, तरी राज्याच्या सरासरीत दुर्गम पाड्यांचे वास्तव झाकले जाते. अशा भागात रुग्णालय आणि कुटुंब यांमधील अंतर कोण भरून काढणार, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात गडचिरोलीच्या अनुभवाच्या आधारे केला आहे.

गडचिरोलीतील प्रयोग

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यात घरोघरी नवजात बालसेवेचा क्षेत्रीय प्रयोग केला. त्यात ३९ गावांत सेवा देण्यात आली व ४७ गावे तुलनेसाठी निवडण्यात आली. आजारी बाळाला रुग्णालयात नेणे बहुतांश कुटुंबांना शक्य नव्हते. म्हणून उपचारच घरापर्यंत नेण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी सुईणीसोबत उपस्थित राहणे, बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब व स्तनपान यांविषयी मातेला मार्गदर्शन करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे ही कामे त्या करू लागल्या. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेवा मिळालेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो ५८ वरून ५९.६ झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

भागीदारीचा अर्थ

'लोकसहभाग' हा शब्द शासकीय अहवालांत वारंवार आढळतो. मात्र सभेला उपस्थित राहणे म्हणजे सहभाग नव्हे. गडचिरोलीत लोकांना दोन गोष्टी मिळाल्या : ज्ञान आणि ते वापरण्याचा अधिकार. पूर्वी केवळ डॉक्टरांच्या हाती असलेले इंजेक्शन गावातील स्त्रीच्या हाती आले. ती त्याच बोलीत बोलणारी आणि रात्री हाक मारताच येणारी असल्याने कुटुंबांनी तिच्यावर विश्वास ठेवला. संस्थेने प्रशिक्षण, देखरेख व औषधे यांची जबाबदारी घेतली. भागीदारी म्हणजे कामांची अशी परस्परपूरक विभागणी होय.

मर्यादा

नवजात बाळाच्या बाबतीत जे घरी साध्य झाले, ते मातेच्या बाबतीत पूर्णपणे शक्य नाही. अतिरक्तस्राव झाल्यास रक्तपुरवठा लागतो. अडलेल्या प्रसूतीत शस्त्रक्रिया लागते. थॅडियस व मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागील तीन विलंब मांडले : निर्णय घेण्यातील, रुग्णालयात पोहोचण्यातील आणि तेथे उपचार मिळण्यातील. गावातील आरोग्यसेविका पहिला विलंब कमी करू शकते. उरलेले दोन विलंब कमी करणे ही प्रामुख्याने शासनाची जबाबदारी आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा केवळ जनजागृती उपयोगी पडत नाही. गरोदर स्त्रीला प्रसूतीपूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ ठेवणारी 'माहेरघर' योजना या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

आशा स्वयंसेविकांचा प्रश्न

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ मध्ये 'आशा' ही संकल्पना पुढे आली आणि २०११ पासून घरोघरी नवजात सेवा हा त्यांच्या कामाचा भाग झाला. संस्थेत प्रसूती झाल्यास ४२ दिवसांत सहा आणि घरी झाल्यास सात गृहभेटी अपेक्षित आहेत. मात्र या स्त्रियांना 'स्वयंसेविका' संबोधून कामाच्या मोबदल्यावर ठेवण्यात आले. मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील आशांनी २०२३ मध्ये संप केला. गृहभेटींचे रूपांतर केवळ रकाने भरण्यात झाले, तर कार्यक्रमाचा सांगाडा राहील, आशय हरवेल.

समारोप

गडचिरोलीच्या प्रयोगाने साध्या साधनांनी बाळे वाचू शकतात हे सिद्ध केले. मात्र त्या साधनांमागे नियमित प्रशिक्षण, सततची देखरेख आणि गावातील स्त्रीच्या निर्णयक्षमतेवरील विश्वास होता. जबाबदारी देताना अधिकार, औषधे आणि योग्य मोबदला दिला नाही, तर ती भागीदारी राहत नाही. केवळ कामाचा भार खालच्या पायरीवर ढकलला जातो. माता-नवजात आरोग्याच्या योजनांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.