पट्टा आवळून व्यायाम : ऊर्जेचा हिशेब

चालताना किंवा सायकल चालविताना लागणारी ऊर्जा मुख्यत्वे प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. रक्तावाटे आलेल्या प्राणवायूवर स्नायूंमध्ये साखर व चरबी यांचे ज्वलन होते. १ लिटर प्राणवायू वापरला गेला, की सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली असे मानतात. हा रक्तपुरवठाच हेतुपुरस्सर कमी केला तर काय घडेल?

या प्रश्नाचा मागोवा जपानमध्ये घेतला गेला. १९६६ साली बराच वेळ गुडघे मोडून बसल्याने पोटऱ्यांत आलेला ताण व्यायामानंतरच्या ताणासारखाच आहे, हे योशिआकी सातो यांच्या ध्यानी आले. त्यातूनच पुढे ‘कात्सू’ ही पद्धती विकसित झाली. हिच्यात मांडीच्या वरच्या भागी हवेने फुगणारा पट्टा बांधतात. त्यामुळे रोहिणीतून येणारे रक्त कमी होते, परंतु थांबत नाही. नीलांतून परतणारे रक्त मात्र बव्हंशी अडते.

शरीरात काय घडते?

प्राणवायू अपुरा पडल्याने स्नायूंना ऊर्जानिर्मितीच्या दुसऱ्या मार्गाचा अधिक आश्रय घ्यावा लागतो. साखरेच्या एका रेणूपासून प्राणवायूसह ऊर्जावाहक एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायूविना केवळ २. साहजिकच साखर झपाट्याने खर्ची पडते, लॅक्टिक आम्ल साचते आणि मांड्या लवकर थकतात. हृदयाकडे परतणारे रक्त घटल्याने ठोके वाढतात. त्याच वेगाने चालूनही शरीराचा एकूण प्राणवायूचा वापर काहीसा वाढतो. तथापि हा वाढीव खर्च बेताचाच असतो. जाणवणारे श्रम मोठे, म्हणून ऊर्जेचा व्ययही तितकाच मोठा, असे समजणे चुकीचे ठरेल.

खरा लाभ कोणता?

या पद्धतीचा खरा लाभ स्नायूंना होतो. ताकाशी आबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण पुरुष पट्टा बांधून मिनिटाला ५० मीटर अशा संथ गतीने चालले. अवघ्या ३ आठवड्यांत त्यांच्या मांडीचे स्नायू वाढले. २०१० च्या प्रयोगात पट्ट्यासह १५ मिनिटे हलकी सायकल चालविणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमताही ८ आठवड्यांत सुधारली. पट्ट्याविना ४५ मिनिटे चालविणाऱ्यांत तशी वाढ आढळली नाही. वार्धक्यामुळे अथवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ज्यांना जोरकस व्यायाम झेपत नाही, त्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

सावधगिरी आवश्यक

या व्यायामात रक्तदाब नेहमीपेक्षा अधिक चढतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याविना या वाटेस जाऊ नये. पट्ट्याचा दाब प्रत्येकाच्या पायाची जाडी व रक्तदाब पाहून तज्ज्ञ ठरवितात. दोरी किंवा रबरी नळी आवळून तो साधता येत नाही आणि इजा होण्याचा धोका मात्र संभवतो. केवळ वजन घटविणे हा हेतू असेल, तर पट्ट्याविना झपझप व अधिक वेळ चालणे हाच सोपा, बिनखर्ची आणि निर्धोक मार्ग होय.