अफवा, मोबाइल आणि माणसे: काही गैरसमज

समाजमाध्यमांमुळे रोजचा संवाद बिघडला, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. मात्र बिघाड नेमका कोठे होतो याविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत. बेंगळुरूत घडलेल्या घटनांच्या आधारे त्या तपासून पाहता येतात.

गैरसमज १: अफवांचे लोण व्हॉट्सॲपमुळे आले.
वस्तुस्थिती: ऑगस्ट २०१२ मध्ये, आसाममधील कोक्राझारच्या हिंसाचारानंतर, ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार अशी आवई बेंगळुरूत उठली, ती प्रामुख्याने एसएमएस आणि घरून आलेल्या काळजीच्या फोनमधून. हजारो विद्यार्थी आणि कामगार शहर सोडून निघाले, रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या, आणि केंद्र सरकारने एकगठ्ठा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवल्या जाणाऱ्या, एसएमएसवर पंधरा दिवसांचे निर्बंध घातले. साधन जुनेच होते. आप्तांच्या तोंडून आल्यामुळेच त्या बातमीवर विश्वास बसला.

गैरसमज २: चित्रफीत म्हणजे डोळ्यांदेखतचा पुरावा.
वस्तुस्थिती: २०१८ मध्ये मोटारसायकलवरून मूल पळवणाऱ्या दोघांची चित्रफीत देशभर फिरली. मूळ चित्रफीत कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती आणि तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून देतात व पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका तोच भाग कापून टाकण्यात आला होता. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवांच्या त्या लाटेत मे महिन्यात बेंगळुरूत राजस्थानातून आलेल्या एका तरुणाचा, तर १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने जीव घेतला.

गैरसमज ३: खोट्या बातम्या यंत्रे पसरवतात.
वस्तुस्थिती: बॉट, म्हणजे माणसाच्या नावाने आपोआप संदेश टाकणारी संगणकप्रणाली, अस्तित्वात आहेत. तथापि ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा जो अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि बॉट वगळल्यावरही निष्कर्ष बदलला नाही.

गैरसमज ४: 'जसे आले तसे पुढे पाठवले' म्हटले की जबाबदारी संपते.
वस्तुस्थिती: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार, लोकांत घबराट किंवा वैर पसरवणारी खोटी माहिती तयार करणाऱ्याबरोबरच ती प्रसृत करणाराही दोषी ठरू शकतो, माहिती खरी मानण्यास वाजवी कारण असेल आणि हेतू शुद्ध असेल तरच सवलत मिळते. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, परंतु अशा मर्यादेने वेग कमी होतो, खरेखोटे ठरत नाही. ते ठरवण्यासाठी संदेश पाठवणाऱ्याला 'हे तुम्हाला कोठून कळले?' असे विचारावेच लागते, आणि धोका खरा वाटल्यास गटात इशारा टाकण्याआधी ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवणे, हेच शेजाऱ्याचेही आणि अनोळखी वाटसरूचेही खरे रक्षण आहे.